काळ्या फत्तरातील गोगलगाय

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त उर्से येथील व्याख्यानाची संहिता)



उर्से टोलनाक्यावरून द्रुतगती मार्गाने घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला रस्त्यासाठी कापलेले डोंगर ठिकठिकाणी दिसतात. काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले असतात आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेच्या रंगाचा एक तांबडा पट्टा आडवा गेलेला असतो. मावळातील मंदिरांचे जोते, विहिरींची बांधणी, गडांचे तट आणि शेतातील बांध याच काळ्या फत्तराचे आहेत. इतक्या परिचयाच्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नाही, हे स्वाभाविकच होय. तथापि आजच्या व्याख्यानाचा विषय या फत्तराच्या पोटातूनच निघालेला आहे. तो विषय म्हणजे गोड्या पाण्यात राहणारी, आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नसलेली एक गोगलगाय. शास्त्रीय ग्रंथांत तिचे नाव 'फायसा प्रिन्सेपी' असे आहे.

जैन मंडळींपुढे गोगलगायीविषयी बोलावयाचे म्हणजे काही प्रस्तावना करावी लागत नाही. शंख, शिंपा, कवडी, जळू, गांडूळ यांच्या पंक्तीत बसणारा हा द्वींद्रिय जीव आहे. स्पर्श आणि रसना एवढीच त्याची इंद्रियसंपदा, अशी गणना पूर्वाचार्यांनी केलेली आहे. आधुनिक प्राणिशास्त्र पाण्यातल्या या गोगलगायीच्या शिंगांच्या मुळाशी उजेड-अंधार ओळखणारे दोन बारीक डोळेही दाखविते. ही दोन मोजमापे वेगवेगळ्या हेतूंनी केलेली आहेत, तेव्हा त्यांचा वाद येथे नको. या जीवाची दखल घेतलीच पाहिजे, यावर दोहोंचे एकमत आहे, आणि या विवेचनास तेवढे पुरेसे आहे.

प्रथम या फत्तराची हकीकत पाहिली पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी आशिया खंडाला जोडलेली नव्हती. विषुववृत्ताच्या दक्षिणेस समुद्रात ती एकटी सरकत होती. त्या काळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला. शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नये. हा रस उतू गेलेल्या दुधासारखा सपाट भूमीवर पसरत गेला. एक प्रवाह थिजला, काही काळ गेला, मग दुसरा आला, त्यावर तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने झाकलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूस त्याची जाडी सर्वांत अधिक आहे. पूर्वेकडे विदर्भात व त्यापलीकडे तो पातळ होत जातो.

दोन प्रवाहांच्या मधला जो काळ, तोच या कथेचा काळ होय. थिजलेल्या दगडावर ऊनपाऊस पडे, वरचा भाग कुजून माती होई, आणि पुढचा प्रवाह आला की ती माती त्याच्या धगीने भाजून निघे. घाटात दिसणारा तांबडा पट्टा बहुतेक ठिकाणी अशाच जुन्या भूपृष्ठाची खूण आहे. जेथे खोलगट जागा होती तेथे पाणी साठून तळी झाली. तळ्यात शेवाळे आले, पाणवनस्पती आल्या, मासे आले, बेडूक आले आणि गोगलगायी आल्या. नंतर कधीतरी पुन्हा लाव्हा आला आणि तळे गाळासकट झाकले गेले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या अशा गाळाच्या खडकाला भूशास्त्रज्ञ 'आंतरट्रापी थर' म्हणतात.

मावळात असे जीवाश्म हाती लागत नाहीत. या बाजूचे थर अतिशय जाड आहेत. जीवाश्म राखून ठेवणारी तळी मुख्यतः या दगडाच्या कडेकडेने सापडतात: नागपूर, चंद्रपूर, छिंदवाडा, जबलपूर, सागर आणि थेट आंध्रातील राजमहेंद्री. मुंबईत वरळीला अशाच एका थरात इवल्या बेडकांचे सांगाडे निघाले होते, तो पश्चिमेकडील ठळक अपवाद. परंतु तो थर या कथेतील थरांहून अलीकडचा आहे. म्हणून फत्तर मावळातला असला तरी या गोगलगायीचा शोध घेण्यासाठी श्रोत्यांना विदर्भाच्या वाटेने चलावे लागेल.

मद्रासच्या लष्करी सेवेतील डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांनी पैनगंगेच्या दक्षिणेस निर्मळकडच्या टेकड्यांत, म्हणजे आजच्या तेलंगणात, काळ्या दगडाच्या सोबतीने आढळणाऱ्या गारेसारख्या कठीण खडकात शंख-शिंपले अडकलेले पाहिले. वैद्यकी हा त्यांचा व्यवसाय आणि दगड हा छंद. १८३७ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीपुढे वाचला गेला व १८४० मध्ये तो छापून आला. त्यातील शंखांचे वर्णन व नामकरण जेम्स द कार्ल सॉवर्बी या शंखशास्त्रज्ञांनी केले. एका पाणवनस्पतीच्या बारीक फळाला त्यांनी माल्कमसन यांचे नाव दिले, आणि सर्वांत मोठ्या, सर्वांत लक्षवेधी गोगलगायीला नाव दिले 'फायसा प्रिन्सेपी'.

हे प्रिन्सेप कोण, हे जैन श्रोत्यांना अवश्य ठाऊक असले पाहिजे. जेम्स प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी आणि १८३२ ते १८३८ या काळात तेथील एशियाटिक सोसायटीचे चिटणीस होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून त्यांच्याकडे नाणी येत, शिलालेखांचे ठसे येत, तशीच दगड झालेली हाडे आणि शंखही येत. शेकडो वर्षे कोणालाही न वाचता आलेली ब्राह्मी लिपी त्यांनी १८३७ च्या सुमारास उलगडली. त्याच वर्षी त्यांनी ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफेवरील लेखाचे आपले वाचन प्रसिद्ध केले. अरहंत आणि सर्व सिद्धांना नमस्कार करून ज्याचा आरंभ होतो तो कलिंगसम्राट खारवेलाचा लेख तो हाच. प्रिन्सेप यांच्या वाचनात चुका होत्या. राजाचे नावही त्यांना नीट लागले नव्हते. ते 'खारवेल' असे निश्चित करण्याचे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्याकडे जाते आणि त्यांचे वाचन १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही बंद कुलपाला पहिली किल्ली लावली ती प्रिन्सेप यांनी. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, १८३८ मध्ये त्यांना मायदेशी न्यावे लागले, आणि गोगलगायीचे नाव ज्या वर्षी छापले गेले त्याच १८४० साली, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मावळाचा धागा येथे पुन्हा जोडला जातो. कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस विद्वानांच्या नजरेस आणला. त्याचाही आरंभ अरहंतांच्या नमस्काराने होतो. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याचे टाके करविले, असे त्यात म्हटले आहे. हा लेख जैनांचा मानावा असे अनेक अभ्यासकांचे मत असून तसे असल्यास महाराष्ट्रातील तो अतिप्राचीन जैन लेखांपैकी एक ठरतो. लेणे ज्यात खोदले तो दगड याच लाव्हाचा, आणि लेख ज्या लिपीत आहे ती वाचावयास शिकविणाऱ्या पुरुषाचे नाव त्याच दगडाच्या थरांत सापडलेल्या गोगलगायीला. हा योगायोगच आहे, त्यावर अधिक भार टाकू नये; पण मावळच्या माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता प्रत्यक्ष त्या जीवाकडे वळू. आज जगात फायसा कुळातील ज्या गोगलगायी आहेत त्या बहुधा अर्ध्या-पाऊण इंचाच्या, पातळ कवचाच्या असतात. फायसा प्रिन्सेपी या हिशेबाने राक्षसीच म्हटली पाहिजे. तिचे काही शंख दोन इंचांहूनही मोठे भरतात. शेवटचा वेढा फुगीर व प्रशस्त, वरचे टोक आखूड, आणि तोंड लांबट. तिचे सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे तिचा पीळ. बहुसंख्य गोगलगायींचे शंख टोक वर धरून समोर पाहिले असता तोंड उजव्या हाताला येते. हिचे डाव्या हाताला येते. शास्त्रज्ञ अशा शंखाला डावखुरा म्हणतात.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. देवघरातील शंख आपल्याकडे टोक खाली आणि पन्हळीचा भाग वर, असा धरून पाहण्याची रीत आहे. तसे धरले की डावे ते उजवे होते. म्हणूनच ज्याला लोक दक्षिणावर्ती शंख म्हणून दुर्मीळ मानतात, हजारो रुपये मोजून घेतात आणि ज्याच्या नावाखाली फसवणूकही पुष्कळ होते, तो शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डावखुराच असतो. त्या मापाने पाहिल्यास विदर्भातील त्या जुन्या तळ्यांतली फायसा प्रिन्सेपी सरसकट दक्षिणावर्ती होती! भगवान नेमिनाथांचे लांछन असलेल्या शंखाशी तिचे नाते लांबचे आहे. तो समुद्रातला, ही तळ्यातली. पण शंखाचा पीळ कोणत्या बाजूस जावा हे अंड्यातच, अगदी पहिल्या काही पेशींच्या मांडणीतच ठरते, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

आजच्या फायसांवरून तिच्या दिनक्रमाची कल्पना करता येते. या गोगलगायींना माशांसारखे कल्ले नसतात. कवचाच्या आत एक पोकळी असते व तिच्याद्वारे त्या हवेतून श्वास घेतात. त्यासाठी त्यांना अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. समुद्री शंखाच्या दाराला असते तसे झाकण त्यांना नसते. दगडावरचे व पानांवरचे शेवाळे खरवडून, सडलेला पालापाचोळा खाऊन त्या राहतात. अंडी चिकट, पारदर्शक लाळेच्या गोळ्यात पाणवनस्पतींना चिकटवितात. याचा अर्थ असा की त्यांना संथ, उथळ पाणी आणि भरपूर वनस्पती लागतात. लाव्हावर साठलेली तळी नेमकी अशीच होती. फायसासोबत त्या थरांत पाणवनस्पतींची फळे, शिंपले, बारीक कवचधारी जीव आणि माशांचे अवशेष मिळतात. राखेच्या आणि आगीच्या युगात इतका शांत संसार चालू होता, हे ऐकणाऱ्याला प्रथम खरे वाटत नाही.

तो संसार टिकून राहिला याचे कारणही लाव्हाच होय. ज्वालामुखीजन्य खडक झिजताना त्यातील सिलिका पाण्यात उतरते. ती तळ्याच्या गाळात भिनली आणि गाळाचा काचेसारखा टणक खडक बनला. शंखाचे मूळ द्रव्य पुष्कळदा विरून गेले. त्याच्या जागी सिलिका बसली, किंवा आतल्या पोकळीचा ठसा तेवढा उरला. एरवी अंगठ्याने चुरडेल असे कवच सहा कोटींहून अधिक वर्षे राहिले ते अशा रीतीने.

या गोगलगायीचा सर्वांत आस्थेवाईक संग्राहक म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटिश मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरास आले. पुढे त्यांच्या नावाने तेथे महाविद्यालय निघाले, ते आजही चालू आहे. १८५१ मध्ये त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये जीवाश्मांचा भरगच्च साठा सापडला. त्यात फळे होती, बिया होत्या, भुंगेऱ्यांचे पंख होते आणि फायसा प्रिन्सेपी होती. सीताबर्डीच्या टेकडीतही त्यांनी असा मधला थर नोंदला. १८६० मध्ये या सर्व शंखांचे सचित्र वर्णन त्यांनी लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे तर हीच गोगलगाय डायनोसॉरच्या हाडांच्या सोबतीने मिळाली. तो थर लाव्हाच्याही खालचा, म्हणजे अधिक जुना. महाकाय प्राणी आणि ही लहानगी एकाच पाणवठ्यावर होती.

हिस्लॉप यांचा शेवट चटका लावणारा आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना, पुराने फुगलेल्या नदीत ते बुडाले. वय ४५. त्यांनी गोळा केलेले शंख लंडनच्या संग्रहालयात पोहोचले.

हिस्लॉप यांच्या मागे या गोगलगायीवरून जो वाद चालला तो जवळजवळ सव्वाशे वर्षे मिटला नाही. प्रश्न असा की दख्खनचा काळा दगड किती जुना? त्या काळी खडकाचे वय सांगणारी यंत्रे नव्हती. थरांत सापडणाऱ्या जीवांवरून अंदाज बांधावा लागे. म्हणजे साक्षीदार ही गोगलगायच. हिस्लॉप यांनी तिची साक्ष अशी लावली की हे थर डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या काळातले आहेत. १९३० च्या दशकात थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी जीवाश्म वनस्पतींच्या आधारे त्याच बाजूने कौल दिला. साक्षीदाराची ओळख पटविण्यातही अडचण होतीच: फायसा कुळाचे आजचे माहेर अमेरिकेत, मग भारतात ही कोठून आली? काहींनी तिला आफ्रिकेतील 'बुलिनस' या गोगलगायींच्या गोतात बसविले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल यांनी १९२० मध्ये हिच्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. तिच्या कवचाला भोके पाडून राहणाऱ्या एका स्पंजाचीही त्यात चर्चा आहे. असे स्पंज बहुधा समुद्रात राहतात, त्यामुळे त्या भोकांनी कोड्यात भरच घातली. अलीकडील काही अभ्यासक तिला 'प्लॅटिफायसा' या निराळ्या प्रजातीत घालतात.

निकाल लागला तो १९८० च्या दशकानंतर. खडकातील किरणोत्सारी द्रव्याच्या मोजणीने आणि खडकात गोठलेल्या चुंबकत्वाच्या अभ्यासाने असे दिसून आले की लाव्हाचा मुख्य लोट डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारासच, त्याच्या थोडा आधी व थोडा नंतर, वाहत होता. तेव्हा ही गोगलगाय त्या मोठ्या संहाराची समकालीन ठरली. मेक्सिकोजवळ पडलेली प्रचंड उल्का आणि दख्खनचा लाव्हा या दोन आपत्ती पृथ्वीवर जवळजवळ एकाच वेळी कोसळल्या होत्या. दोन्हींपैकी कोणाचा वाटा किती, यावर आजही मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात.

या सर्वांत ध्यानात राहावी अशी गोष्ट निराळी आहे. लाव्हाच्या खालच्या थरात ही गोगलगाय आहे. मधल्या थरांतही ती पुन:पुन्हा भेटते. एक तळे भाजून नाहीसे झाले तरी कोठेतरी दुसरे शिल्लक होते, तेथून पुराच्या पाण्याने किंवा एखाद्या प्राण्याच्या अंगाला चिकटून ती नव्या तळ्यात पोहोचत होती. अग्नीच्या पुरापुढे ती हटली नाही, कारण तिला परतण्यास कोठेतरी पाणी होते. लाव्हाचे युग संपले, भूमीचे रूप बदलले, हवामान बदलले, आणि नंतरच्या काळातील खडकांत ती दिसत नाही. आज भारतात अनेक ठिकाणी डबक्यांत व सांडपाण्याच्या नाल्यांत जी बारीक डावखुरी फायसा मिळते ती हिची वंशज नव्हे. ती अमेरिकेतून माणसाच्या मागोमाग, शोभेच्या पाणवनस्पती व काचपात्रांच्या व्यापारातून जगभर पसरलेली पाहुणी आहे.

टाकळी आज नागपूर शहराच्या पोटात गेली आहे. हिस्लॉप यांनी जेथे हातोडी चालविली तेथे वस्ती आहे. पिसदुऱ्याच्या शेतात नांगराला हाडांचे तुकडे लागतात. जीव एकदा संपला. त्याची दगडातली नोंदही अशी दुसऱ्यांदा संपू शकते, ही गोष्ट विदर्भातील भूशास्त्राचे अध्यापक विद्यार्थ्यांना कळकळीने सांगत असतात.

गोड्या पाण्यातील गोगलगाय लुप्त होण्यास लाव्हा किंवा उल्काच लागते असे मात्र नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कूसा नावाची नदी आहे. तिच्या खळाळत्या, उथळ, दगडाळ पात्रात गोगलगायींच्या कितीतरी जाती होत्या आणि त्या जगात इतरत्र कोठेही नव्हत्या. १९१४ ते १९६७ या काळात नदीवर एकामागून एक धरणे झाली. वाहते पाणी थांबले, दगडांवर गाळ बसला. 'जायरोटोमा' नावाची अख्खी प्रजाती तिच्या सर्व जातींसह नाहीशी झाली, आणि एकूण हिशेब तीसच्या आसपास जातींपर्यंत जातो. ना वीज वाईट होती, ना ती धरणे बांधणारी माणसे दुष्ट होती. नदीच्या तळाशी कोण राहते, हे त्यांच्या हिशेबाच्या वहीत कोठेच लिहिलेले नव्हते.

तसा हिशेब सह्याद्रीतही करावा लागेल अशी एक गोगलगाय आज हयात आहे, आणि ती याच काळ्या फत्तरावर राहते. तिचे नाव 'क्रेम्नोकाँकस'. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'कड्यावरचा शंख' असा होतो. तिचे सारे गोत समुद्राचे. कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या खडकांना चिकटून बसणारे जे लहान शंख असतात त्यांच्या कुळातली ही. परंतु त्या संपूर्ण कुळात गोड्या पाण्यात राहावयास गेलेली ही एकच प्रजाती असून ती जगात फक्त पश्चिम घाटात आहे. धबधब्यांच्या बाजूचे ओले कडे, तुषारांनी सदैव भिजलेला कातळ, बारमाही झऱ्यांचे दगड, हे तिचे घर. आकार वाटाण्याएवढा किंवा त्याहून थोडा अधिक. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासात डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी तिच्या ९ जाती मोजल्या. त्यांतील ३ महाराष्ट्रातल्या, बाकीच्या कर्नाटकातल्या. महाराष्ट्रातील एका जातीचे नावच 'सह्याद्रेन्सिस' असे आहे.

या प्रजातीला नाव देणारे विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे मूळचे भूशास्त्रज्ञ. १८६० च्या दशकात दख्खनचा लाव्हा आणि त्यातील आंतरट्रापी थर यांवर सरकारी भूसर्वेक्षणासाठी त्यांनी मोठा निबंध लिहिला आणि त्याच दशकात याच डोंगरांच्या ओल्या कड्यांवरून या जिवंत गोगलगायी वेचल्या. एकच मनुष्य एका हाताने मेलेल्या गोगलगायीचे थर तपाशीत होता आणि दुसऱ्या हाताने जिवंत गोगलगायीला नाव देत होता. या दोहोंमध्ये एक फरक त्यांना नक्कीच जाणवला असेल. फायसाला एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाता येत होते. कड्यावरच्या शंखाला तसे सहजी जाता येत नाही. एका धबधब्याची ओल दुसऱ्या धबधब्याच्या ओलीशी जोडलेली नसते, मधला कोरडा कातळ त्याला ओलांडवत नाही. झऱ्याचे पाणी वर अडविले, उन्हाळ्यात नळाने उपसून खाली नेले, सहलीच्या ठिकाणी साबण व प्लास्टिक त्यात आले, की त्या झऱ्यापुरता विषय संपतो. शेजारच्या झऱ्यातून कोणी येत नाही.

मावळात ही गोष्ट दूरची नव्हे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लोणावळा-खंडाळ्याच्या धबधब्यांवर जी गर्दी लोटते ती सर्वांनी पाहिलेली आहे. डोंगरउतारावरील बंगल्यांसाठी झरे कसे बांधले जातात, हेही गावोगावच्या मंडळींना माहीत आहे. धबधब्याच्या कडेचा हिरवट, निसरडा कातळ सिमेंटने गुळगुळीत करून पर्यटकांसाठी पायऱ्या बांधल्या जातात, तेव्हा त्या कातळावर कोणी राहत असेल काय, हा प्रश्न ग्रामसभेच्या पुढे येत नाही, कारण तो विचारणारा कोणी नसतो.

जैन घरांत पाणी गाळण्याची जी रीत आहे तिचा दुसरा, पुष्कळदा विसरला जाणारा भाग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. पाणी गाळून झाल्यावर छन्न्यात राहिलेली जिवाणी कोठेही झटकून टाकावयाची नसते. छन्ना उलटा करून गाळलेल्या पाण्याने हळूच धुवावयाचा आणि ते पाणी ज्या विहिरीचे, ज्या ओढ्याचे होते, त्याच विहिरीत, त्याच ओढ्यात परत सोडावयाचे. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकलेली चालत नाही, कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही. नळ आल्यापासून हे करणे अवघड झाले आणि बहुतेक घरांतून ते गेले. जुन्या वाड्यांतील वयस्कर स्त्रियांना मात्र ते अजून आठवते: कळशी घेऊन पुन्हा आडापाशी जाणे, दोर सोडणे, भांडे पाण्याला टेकेपर्यंत वाट पाहणे आणि मगच ते कलते करणे, म्हणजे वरून पडल्याचा आघात होऊ नये. त्या बायकांनी क्रेम्नोकाँकसचे नाव कधी ऐकलेले नसते. लोणावळ्याच्या घाटात वैशाखात एखादा झरा अजून पाझरत असेल, तर त्याच्या भेगेत ती गोगलगाय ओलीला धरून बसलेली असते, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत तेथून हलत नाही.